मागच्या बाकावरून नगरपालिका

सभेची वेळ अकराची होती. अकराला पाच कमी असताना मी सभागृहात जाऊन बसलो, नवी वही उघडली, वर तारीख टाकली. बातमीदार म्हणून ती माझी पहिलीच सर्वसाधारण सभा. विषयपत्रिकेवर छत्तीस विषय छापलेले होते. मला वाटलं, आता निदान तीन तास तरी वादावादी चालणार. अकरा वाजून दहा मिनिटांनी अध्यक्ष आले. लिपिकानं पहिला विषय वाचला : "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." कुणीतरी "मंजूर" म्हणालं. मग दोन ते बारा एकदम मंजूर. मग तेरा ते छत्तीस एकदम. पेनाचं टोपण माझ्या हातातच होतं आणि सगळे राष्ट्रगीताला उभे राहिले.

बाहेर व्हरांड्यात चहाचा ट्रे घेऊन निघालेले एक जुने शिपाई भेटले. सगळी कचेरी त्यांना आबा म्हणायची. माझा चेहरा बघून ते थांबले आणि म्हणाले, "पत्रकार, सभा काल रातच्यालाच झाली. आज निस्तं वाचून दाखवलं."

पुढची पंचवीस वर्षं, आधी सातारा आणि मग सांगली जिल्ह्यात पालिकेच्या बातम्या लिहिताना, ही 'काल रात्रीची सभा' कुठं भरते आणि तिथं सामान्य माणसाला शिरायला वाट आहे का, एवढंच मी शोधत आलो. दोन्ही जिल्ह्यांत मिळून डझनावर पालिका बघितल्या. हे दोन जिल्हे म्हणजे तसे एकाच घरातले. १९४९ पर्यंत सगळा सातारा जिल्हाच होता, मग दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. दोन्हीकडची माणसं, बोली आणि पालिकेतली भांडणंही एकाच वळणाची. किस्से ज्यांचे आहेत त्यांची नावं आणि गावं मी बहुतेक ठिकाणी घालणार नाही. माणसं हयात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी विश्वासानं सांगितलेलं आहे.

आबा म्हणाले ती 'रात्रीची सभा' म्हणजे आघाडीची बैठक. आपल्याकडं नगरपालिका ही पक्षापेक्षा आघाडीवर चालत आली. साताऱ्यात कित्येक वर्षं खासदार उदयनराजे भोसले यांची सातारा विकास आघाडी आणि आमदार शिवेंद्रसिंहराजे भोसले यांची नगरविकास आघाडी, हेच दोन खरे पक्ष होते. सभेच्या आदल्या दिवशी आघाडीचे सदस्य एकत्र बसतात, विषयपत्रिका पुढ्यात ठेवतात आणि कुठल्या विषयाला सूचक कोण, अनुमोदक कोण, हे ठरवून टाकतात. सूचकाचं नाव इतिवृत्तात छापून येतं, म्हणून रस्त्याच्या विषयाला सूचक व्हायला चढाओढ असते. घरपट्टीवाढीच्या विषयाला सूचक मिळवताना मात्र नाकी नऊ येतात. अशा एका बैठकीत शेवटी चिठ्ठ्या टाकल्याचं एका सदस्यानं मला स्वतः सांगितलं होतं.

पण ही रात्रीची सभासुद्धा एका कागदावर चालते, आणि तो कागद गुप्त नसतो. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ सालचा. त्याप्रमाणे सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन दिवस आधी. ती फलकावर लागते. म्हणजे गल्लीतल्या गटाराचा विषय येत्या सभेत आहे, हे आपल्याला आठवडाभर आधी कळू शकतं. त्या आठवड्यात आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठलं तर तो आदल्या रात्री बोलतो. सभेच्या दिवशी सकाळी गाठलं तर तो "बघतो" म्हणतो. एवढाच फरक आहे, पण फार मोठा आहे.

सभागृहात सगळ्यात मागं एक लांब बाक असतो. कडेला आम्ही बातमीदार, उरलेली जागा जनतेसाठी. ती बहुतेक वेळा रिकामी. एका पालिकेत मात्र तिथं एक गुरुजी यायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोनशेपानी वही आणि चष्म्याचं पत्र्याचं घर. सभेच्या आधी फलकासमोर उभं राहून अख्खी विषयपत्रिका ते वहीत उतरवून घ्यायचे. मोबाईल आल्यावरही हातानंच. "लिहिलं की ध्यानात राहतं," म्हणायचे. सभेत प्रत्येक विषयापुढं एक खूण करायचे : वाचला, चर्चा झाली, नुसताच मंजूर.

एकदा एका सदस्याला ते खटकलं. उभा राहून तो म्हणाला, "अध्यक्ष महोदय, बाहेरची माणसं इथं कशाला बसवलीत?" सभागृह शांत. गुरुजींनी दोन्ही हात जोडले, पण उठले नाहीत. कार्यालय अधीक्षकांनी कपाटातून अधिनियमाचं पिवळं पडलेलं पुस्तक काढलं आणि मुख्याधिकाऱ्यांपुढं उघडून धरलं. मुख्याधिकारी वाचून म्हणाले, "सभा जनतेला खुली असते. त्यांना बोलता येणार नाही, बसता येईल." त्यानंतर गुरुजींना कुणी उठवलं नाही. पुढं पुढं तर एखादा सदस्य ठराव मांडताना मागं वळून त्यांच्याकडं नजर टाकायचा. वर्गात आपण चुकलो की काय, असं वाटल्यासारखा.

गुरुजींच्या वहीनं काय केलं ते सांगायलाच हवं. विषयपत्रिकेच्या शेवटी नेहमी एक ओळ असते : "मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय." पालिकेच्या कारभारात या एका ओळीइतकी रुंद खिडकी दुसरी नाही. महापूर आला, जलवाहिनी फुटली तर सात दिवस थांबता येत नाही, म्हणून अशी सोय लागते. तातडीच्या वेळी अध्यक्षांना कलम ५८ (२) खाली आधी हुकूम देऊन मग सभेपुढं जाता येतं, तेही याच कारणानं. कचेरीत त्याला सरळ 'अठ्ठावन्न-दोन' म्हणतात. खिडकी खरी, पण तिच्यातून वाऱ्याबरोबर काय काय आत येतं हे बघणारा कुणीतरी लागतो.

त्या महिन्यात गुरुजींच्या वहीत छत्तीस विषय होते. तीन आठवड्यांनी त्यांनी पैसे भरून ठरावांच्या नकला घेतल्या, तर ठराव एकेचाळीस निघाले. एकेचाळिसाव्या ठरावानं एका वसाहतीची खुली जागा एका संस्थेला लांब मुदतीच्या भाड्यानं दिलेली. तो विषय सभेत कुणी वाचल्याचं ना गुरुजींच्या वहीत होतं, ना माझ्या. गुरुजी चिडले नाहीत, भाषण केलं नाही. वसाहतीतल्या अठरा घरांच्या सह्या घेतल्या, विषयपत्रिकेची प्रत, ठरावाची नक्कल आणि आपल्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज दिला. कलम ३०८ प्रमाणं पालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी तहकूब करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असतो. ती झाली. आज त्या जागेवर संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात आणि कडेच्या कट्ट्यावर म्हाताऱ्या माणसांचा अड्डा असतो. त्यातल्या किती जणांना हे माहीत आहे, कुणास ठाऊक. मी मात्र तिथून जाताना गाडी हळू करतो.

पाण्याचा किस्सा याहून साधा आहे, पण मला तो जास्त प्रिय आहे.

डोंगराच्या कुशीतल्या गावात पाणी ही नुसती नळाची गोष्ट नसते, उताराची असते. सातारा शहराला कासचं पाणी जवळजवळ फुकटात खाली येतं, कारण तलाव वर आणि गाव खाली. उरमोडी नदीवरच्या शहापूर योजनेचं पाणी मात्र पंपानं उचलून आणावं लागतं. वीज गेली की कुठल्या पेठेचा घसा कोरडा पडणार, हे पाणीपुरवठा विभागातल्या माणसाला झोपेतसुद्धा सांगता येतं. असाच उतार असलेल्या एका गावात शेवटच्या गल्लीला पाणीच पुरेना. मोर्चे झाले, रिकाम्या घागरी फोडून झाल्या, निवेदनांचा गठ्ठा झाला. विभागाचं उत्तर ठरलेलं : "चाळीस मिनिटं सोडतो."

त्या गल्लीतल्या एका वैनींच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. दुधाचा हिशोब जसा चौकटीत लिहितात, तसं त्यांनी पाण्याचं लिहायला सुरुवात केली. निळ्या शाईनं पाणी आलं ती वेळ, लाल शाईनं गेलं ती वेळ. रोज. लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या तेव्हा शेजारणीला बजावून गेल्या. वर्ष संपलं तसं ते कॅलेंडर गुंडाळून त्या पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यासमोर जाऊन बसल्या. मी दुसऱ्याच कामासाठी तिथं होतो. अभियंत्यानं कपाळाला आठी घालून कॅलेंडर उघडलं, पहिलं पान, दुसरं पान, आणि मग शिपायाला हाक मारली : "वॉलमनला बोलवा, त्याची डायरी घेऊन या."

टेबलावर दोन हिशोब शेजारी शेजारी ठेवले गेले. डायरीत रोज चाळीस मिनिटं, कॅलेंडरात वीस-बावीस. सगळ्यांची नजर वॉलमनकडं वळली. पन्नाशीचा माणूस, हातात इंग्रजी टी आकाराची लोखंडी चावी, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्यानं शांतपणे सांगितलं, "साहेब, चावी मी पाचलाच फिरवतो. पण मधल्या आळीत दोन वर्षांत नवी घरं उठली. त्यांच्या टाक्या भरल्याशिवाय पाणी म्होरं सरकतच न्हाय. आन् तीन वॉल तीन टोकाला, सायकल एक." चोर कुणीच नव्हता. जुनी अरुंद लाईन होती, वाढलेलं गाव होतं आणि एकच सायकल होती. वैनी उठून वॉलमनला म्हणाल्या, "भाऊ, एवढी वर्षं मी तुम्हालाच शिव्या देत होते." त्यानं नुसती मान हलवली.

मग अभियंता जे म्हणाला ते पालिकेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगं आहे. "बरं झालं जानेवारीत आलात. हेड टाकून घेता येईल." हेड म्हणजे अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष. पालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर मंजूर व्हावं लागतं. कामाला हेड असेल तर पैसा, नसेल तर कितीही मोठा मोर्चा आणा, उत्तर एकच : "हेडच नाही." लोक पाण्यासाठी मे महिन्यात रस्त्यावर येतात. मे महिन्यापर्यंत अंदाजपत्रकाची शाई वाळून तीन महिने झालेले असतात. त्या वर्षी शेवटच्या गल्लीसाठी वेगळी लाईन आणि एक वॉल अंदाजपत्रकात आला. एका कॅलेंडरानं तो आणला.

याच पाण्याची दुसरी, मोठी गोष्ट कराडशेजारच्या मलकापूरची. २००८ साली ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली त्या सुमाराला या छोट्या गावानं घराघरात चोवीस तास पाणी दिलं, तेही मीटर लावून. दर असा की जास्त वापराल तसा चढत जाणार. तेव्हा मीटर म्हटलं की आपल्याकडं सगळे दचकायचे. पण तिथं उलटं घडलं. नळाला कधीही पाणी येतं म्हटल्यावर लोकांनी साठवणं सोडलं. रोज सकाळी कालचं 'शिळं' पाणी मोरीत ओतून नवं भरायची सवय सुटली आणि पाण्याचा वापर आवाक्यात आला. ठिकठिकाणच्या पालिकांची माणसं तिथं बघायला येऊ लागली. बघायला आलेले पंपघर आणि मीटरचे फोटो काढून न्यायचे. मला वाटतं, फोटो काढायची गोष्ट वेगळीच होती : मीटर बसवून घ्यायला घरोघरी जी समजूत घालावी लागली असेल, तिची.

कचऱ्याचंही तसंच. देशातल्या एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली कराड पहिलं आलं, २०२१ साली विटा, २०२२ साली पाचगणी. लागोपाठ तीन वर्षं पहिला नंबर या दोन जिल्ह्यांतच राहिला. याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही, असं मला मनापासून वाटतं. या सर्वेक्षणात शहरात काय बांधलं एवढ्यावरच गुण नसतात, नागरिकांना विचारून त्यांच्या उत्तरांवरही असतात. घंटागाडी रोज येते का, ओला-सुका वेगळा घेतात का, हे कुणाही वाटसरूला विचारलं जातं. म्हणजे मुकादम कितीही राबला तरी गुण शेवटी उंबऱ्यावरच्या बाईच्या हातात. एका गावात घंटागाडीवरची मावशी मिसळलेला कचरा तसाच घेऊन जायला नकार द्यायची. डबा पायरीवर परत ठेवायची आणि म्हणायची, "ताई, हे येगळं करून ठेवा, मी उद्या येते." पहिल्या महिन्यात तिच्या तक्रारी झाल्या. तिसऱ्या महिन्यात त्याच गल्लीनं तिला संक्रांतीचं वाण दिलं. पाचगणीत तर जिथं कचऱ्याचा डेपो होता, तिथं आता पर्यटक फिरायला जातात, 'स्वच्छ भारत पॉइंट' म्हणून.

साताऱ्याच्या हद्दवाढीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथं एक गोष्ट हरवली आणि तिची चर्चा फारशी झाली नाही.

सातारा नगरपालिका १८५३ सालची. गाव वाढत गेलं तरी हद्द तीच. शाहूपुरीसारखी मोठी वस्ती कित्येक वर्षं ग्रामपंचायतीत. काही भाग तर ना ग्रामपंचायतीत ना पालिकेत, त्यांना लोक 'त्रिशंकू' म्हणायचे. घर साताऱ्यात, मुलांची शाळा साताऱ्यात, पण खांबावरचा दिवा कुणी लावायचा याला उत्तर नाही. सप्टेंबर २०२० मध्ये हद्दवाढ झाली आणि ही सगळी वस्ती शहरात आली. आनंद झालाच. पण शाहूपुरीतले एक निवृत्त कर्मचारी मला म्हणाले, "पालिकेत आलो ते बरं झालं, पण आमची ग्रामसभा गेली हो."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ग्रामपंचायतीत वर्षातून ठरावीक ग्रामसभा होतातच. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर या तारखा खेड्यातल्या लहान पोरालाही पाठ. तिथं कुणीही उभं राहून सरपंचाला "खर्च दाखवा" म्हणू शकतो. शहरात आलात की तुम्ही मागच्या बाकावर : बसता येईल, बोलता येणार नाही. ही उणीव भरून काढायला राज्यानं २००९ साली कायद्यात 'क्षेत्रसभा' आणली. मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांची सभा, नगरसेवकानं बोलावलेली. माझ्या पंचवीस वर्षांत रीतसर बोलावलेली क्षेत्रसभा मला एकही बघायला मिळाली नाही. ग्रामसभेत वाढलेल्या या नव्या सातारकरांनी ती मागितली पाहिजे. सरपंचाला उभं करून हिशोब विचारायची सवय त्यांना आहे, शहरातल्या जुन्या पेठांना ती नाही.

त्यातून आणखी एक विचित्र योग आला. २०२१ संपता संपता पालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. नगरसेवकच नसल्यानं साध्या दाखल्यालाही मुख्याधिकाऱ्यांच्या दारात रांग. सूचक नाही, अनुमोदक नाही, प्रशासकाची एक सही म्हणजे ठराव. कामं वेगानं झाली असं काही अधिकारी सांगतात. काही ठिकाणी झालीही असतील. पण माझ्यासारख्याला त्या काळात मागच्या बाकावर बसायलाच जागा उरली नव्हती, कारण सभाच नव्हती. पूर्वी ज्या सभा बारा मिनिटांत उरकतात म्हणून मी चिडायचो, त्यांची मला आठवण यायला लागली. बारा मिनिटं का होईना, विषय मोठ्यानं वाचला तर जात होता.

सांगलीची तऱ्हा वेगळी. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी महापालिका झाली. तीन गावं, तीन स्वभाव, एक तिजोरी. मिरजकर म्हणणार पैसा सांगलीत जातो, कुपवाडकर म्हणणार दोघंच वाटून घेतात. नगरपालिकेत अध्यक्ष कधी थेट जनतेतून, कधी सदस्यांतून, असं राज्य सरकारं बदलतील तसं बदलत आलं. महापौर मात्र नगरसेवकच निवडतात, आणि तिथं पडद्यामागं जे चालतं त्याला जिल्ह्यात 'सहल' म्हणतात. निवडीआधी सदस्य एकदम गावातून दिसेनासे होतात, फोन बंद, आणि थेट मतदानाच्या दिवशी गाडीतून उतरतात. २०१८ साली ७८ जणांच्या सभागृहात भाजपला बहुमत मिळालं होतं. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी महापौर झाले, कारण भाजपचीच काही मतं फुटली. 'करेक्ट कार्यक्रम' हा राष्ट्रवादीच्या जयंत पाटलांच्या तोंडचा शब्द त्या दिवशी सांगलीच्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर होता.

त्या बातमीसाठी मीही दोन रात्री जागलो. आज मागं बघताना वाटतं, तेवढ्या रात्री मी प्रभाग समित्यांसाठी जागायला हवं होतं. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनंच आल्या. राज्याच्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे : या समित्यांवर स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. निवडणूक न लढवता शहराच्या कारभारात बसायची ही खुर्ची आहे. तिच्याबद्दल चहाच्या गाड्यावर बोलताना मी कुणाला ऐकलं नाही.

पण सांगलीकराला कारभार कळत नाही, असं कुणी म्हणू नये. पावसाळ्यात त्याला विचारा. कृष्णेला पाणी चढायला लागलं की या शहरात नमस्काराऐवजी एकच प्रश्न असतो : "आयर्विनला किती फूट?" १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलावरची मोजपट्टी म्हणजे शहराची नाडी. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. किती फुटाला सूर्यवंशी प्लॉटात पाणी, किती फुटाला कर्नाळ रोड बंद, किती फुटाला मारुती चौक, हे पाढे पूरपट्ट्यातली माणसं तोंडपाठ म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पट्टी सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा ते पाढे कमी पडले.

पूर ओसरल्यावर एका किराणा दुकानदाराकडं मी बसलो होतो. दुकानाच्या खांबावर त्यानं २००५ च्या पुराची खूण पांढऱ्या रंगानं केली होती, २०१९ ची लाल रंगानं त्याच्या वर. प्रत्येक खुणेपुढं आयर्विनचे फूट आणि पाणी चढायला लागलेले तास लिहिलेले. पंचनाम्याला आलेला एक तरुण कर्मचारी ते बघत उभा राहिला. मग त्यानं आपल्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला तो सगळा खांब उतरवून घेतला. दुकानदार म्हणाला, "लिहा लिहा, साहेबास्नी दावा. पुढल्या येळंला बोट कवा पाठवायची ते कळंल." आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे मी पुष्कळ वाचले. त्या खांबाइतका नेमका एकही नव्हता.

हेच ज्ञान विकास आराखड्याच्या वेळी का येत नाही, ही माझी खंत आहे. आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते, सुनावणी होते. सांगलीत पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या सखल भागांना 'ओत' म्हणतात. ओत मुजले, त्यावर घरं उठली, आणि पाणी आपली जुनी वाट शोधत घरात शिरलं. सुनावणीला हरकत घेणारे बहुतेक आपल्या प्लॉटवरचं आरक्षण उठवायला आलेले असतात, आणि त्यात गैर काही नाही. पण ओताची हरकत घेऊन कोण येतं? एकदा एक आजी आल्या होत्या, नातवाचा हात धरून. नकाशा त्यांना वाचता येत नव्हता. बोट ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "हितं ओत हुता. आमच्या म्हशी हितं डुंबायच्या. तुमी रस्ता काढलाय." समितीतल्या अधिकाऱ्यानं खुर्ची पुढं ओढली, लिपिकाला म्हणाला, "आजींचं जसंच्या तसं लिहून घ्या," आणि नातवाला हरकतीचा अर्ज भरायला बसवलं. अर्जावर आजींचा अंगठा उठला आणि त्याला आवक क्रमांक पडला. आवक क्रमांक पडलेला कागद निकालात काढावाच लागतो, फेकून देता येत नाही. म्हणून मी भेटेल त्याला सांगतो, साहेबांना तोंडी सांगून आलात तर सांगितलंच नाही असं समजा. पोच घ्या, तारखेचा शिक्का घ्या.

दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या नोंदी नागरिकांना समक्ष बघता याव्यात, असं राज्य सरकारचं २०१८ सालचं परिपत्रक आहे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून तीस दिवस वाट बघायची गरज नाही, जाऊन फाईल उघडायची. एकदा एका पालिकेच्या बांधकाम विभागात मी असाच सोमवारी गेलो, तर टेबलाशी दोन कॉलेजच्या मुली. समोर रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका, शेजारी घरून आणलेला शिंप्याचा टेप आणि वहीत काढलेली आकृती. गल्लीतला नवा रस्ता त्यांनी पहाटे वर्दळ नसताना मोजला होता. पुस्तिकेतला आकडा आणि टेपचा आकडा जुळत नव्हता. लिपिक वैतागला होता हे दिसत होतं. पण थोड्या वेळानं तो उठला, आतून दुसरी खुर्ची घेऊन आला, कारण एक मुलगी उभीच होती. मग स्वतःच पान उलटून म्हणाला, "थांबा, रुंदी दोन ठिकाणी वेगळी धरलीय. हे कनिष्ठ अभियंत्याला दाखवावं लागेल."

जाताना त्यातल्या एकीनं त्याला विचारलं, "काका, याच्यावर सभेत बोलतात का? सभा कधी असते?" त्यानं हातानंच जिन्याजवळच्या फलकाकडं बोट दाखवलं.

सभा होती त्या मंगळवारी अकराला पाच कमी असताना मी सभागृहात पोचलो. मागच्या बाकावर दोघी आधीच येऊन बसल्या होत्या, मधोमध. मांडीवर वही, वहीत छापील विषयपत्रिका. मी कडेला सरकून बसलो.